तुम्हाला कसला थकवा?

"तुम्हाला कसला थकवा?" साहेब म्हणाले, आणि टेबलाभोवतीचे सगळे हसले.

सोमवारची आढावा बैठक होती. संगमनेरजवळच्या एका खासगी डेअरीत मी दुधाची तपासणी बघतो. त्या दिवशी मी चार दिवसांची रजा मागितली होती. अर्ज तोंडी होता. आवाज खाली होता. रजा मागताना माझा आवाज आपोआप खाली जातो.

त्याच्या महिनाभर आधीच मार्केटिंगच्या अभिजीतला रजा मिळाली होती, तीही पंधरा दिवसांची. तेव्हा याच टेबलावर साहेबांनी आम्हाला समजावून सांगितलं होतं. "बर्नआउट म्हणतात याला. मेंदूचं काम असतं त्याचं. मेंदू थकतो. माणसाने वेळीच थांबावं." छान बोलले होते. मला पटलं होतं. अभिजीत खरोखरच थकला होता. त्याच्या रजेबद्दल माझी तेव्हाही तक्रार नव्हती, आजही नाही.

म्हणून मी धीर केला. म्हणालो, "साहेब, मलाही जरा तसंच होतंय."

साहेब हसून म्हणाले, "अहो, तुम्हाला कसला थकवा? तुमच्या लोकांना कष्टाची सवय असते. पिढ्यान्‌पिढ्यांची. हे आमच्यासारख्या नाजूक माणसांचे आजार. तुम्ही तर आमचे वाघ."

हे त्यांनी कौतुकाने म्हटलं. हात माझ्या खांद्यावर होता. 'तुमच्या लोकांना' म्हणजे कोणाला, हे त्या खोलीत कोणी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. आम्ही बौद्ध आहोत, हे सगळ्यांना माहीत आहे.

मी काय केलं? मी हसलो. "हो साहेब" म्हणालो.

जिना उतरताना मला राग यायला हवा होता. तो आला नाही. आली ती लाज, आणि तीही रजा मागितल्याची.

हे कसं झालं, ते सांगितलं पाहिजे. मी आकड्यांचा माणूस आहे. दुधातली फॅट, एसएनएफ म्हणजे फॅट सोडून उरलेला घन भाग, तापमान. एवढं बघायचं, लिहायचं, सही करायची. माझी सही झाली की टँकर रिकामा होतो. माझ्या आकड्यावर गवळ्याचा भाव ठरतो, म्हणून मी आकड्याशी कधी खेळलो नाही. कोणी सांगितलं तरी नाही.

मग बाजार पडला. दूध पावडरचा भाव उतरला, लोणी गोदामात पडून राहिलं. कंपनीने माणसं कमी केली. तपासणी विभागात आम्ही सहा जण होतो, तीन राहिलो. काम सहा जणांचंच राहिलं. गाई काही कमी झाल्या नव्हत्या.

साहेबांनी जोडीची पद्धत काढली. रोज पहाटे दोन जीप निघतात. एक कोपरगावच्या बाजूला, एक राहुरीच्या. गावोगावच्या संकलन केंद्रांवर जाऊन अचानक तपासणी करायची. कोपरगावची फेरी माझी, राहुरीची शकीलची. तिसरा माणूस डेअरीतच, डॉकवर, टँकर तपासायला. आम्हीही फेरीवरून परत येऊन डॉकवर उभे राहायचो. दोघांपैकी एक रजेवर गेला तर त्याची फेरी जोडीदाराने करायची. बदली माणूस नाही. रजा मागितली की साहेबांचा पहिला प्रश्न ठरलेला, "शकीलला विचारलंत का?"

हुशार पद्धत आहे. रजा कंपनीकडून घ्यायची नाही, शकीलकडून घ्यायची. शकीलची आई अंथरुणाला खिळलेली. त्याचं तिसरं मूल नुकतंच झालेलं. त्याच्याकडून चार दिवस काढून घ्यायला माझी जीभ रेटत नसे. त्याची माझ्याकडून रेटत नसे. आम्ही दोघांनी वर्षभर एकमेकांवर दया केली. त्यात कंपनीचं चांगलं चाललं.

घरी मी असून नसल्यासारखा. मुलगी बारावीला. एका संध्याकाळी ती नाचत आली. "पप्पा, फिजिक्सला बहात्तर!"

मी म्हणालो, "आणि फॅट किती?"

मुलगी पोट धरून हसली. बायको हसली नाही. ताट वाढताना एवढंच म्हणाली, "अहो, तुम्ही जेवायला तरी घरी येत जा."

मी घरीच बसलो होतो.

पण भीती वाटली ती डॉकवर. बैठकीनंतरच्याच आठवड्यात. टँकरचा नमुना मशीनला लावला. आकडा आला. मी वाचला. रजिस्टरकडे मान वळवली आणि आकडा गेला. डोक्यात काहीच नाही. परत पाहिला. परत मान वळवली. परत गेला. तीन आठ होता की आठ तीन? फॅट कधी आठ तीन येते का गाईच्या दुधाला? पहिलीतल्या पोरालाही हसू येईल. पण मला खात्री देता येत नव्हती.

खालून ड्रायव्हर ओरडला, "ओ सायेब, लवकर करा की! दुधाला आंघोळ घालताय का काय?"

मी मशीनसमोर उभं राहून एकेक आकडा तोंडाने मोठ्याने म्हटला आणि म्हणता म्हणता लिहिला. शाळेत श्रुतलेखन घेतात तसा. बरोबर लिहिला. नंतर दोनदा पडताळला. चूक झाली नव्हती. पण सही करताना पेन जड झालं. उद्या चूक होईल, आणि मला कळणारही नाही. ज्याच्या दुधाचा भाव कापला जाईल त्यालाही कळणार नाही. तो माझ्या सहीवर विश्वास ठेवून घरी जाईल.

तरी मी स्वतःलाच दोष दिला. कारण माझ्याकडे एक माप होतं. माझे वडील.

वडील साखर कारखान्याच्या गोदामात हमाल होते. पोतं पाठीवर घेऊन फळीवरून चढायचे. हंगामात त्यांनी कधी खाडा केला नाही, हे आमच्या घरात अभिमानाने सांगितलं जाई. मीच सांगायचो. मुलीला सांगायचो, पाहुण्यांना सांगायचो. एकदा साहेबांनाही सांगितलं होतं. आणि मी? पंख्याखाली उभं राहून काचेच्या बाटल्या हलवणारा. मी थकलो असं म्हणणं म्हणजे त्या पाठीचा अपमान वाटायचा. साहेब बोलले ते मला आतून खरंच वाटलं होतं. म्हणून तर मी "हो" म्हणालो.

त्या रविवारी आईकडे गेलो. ती देवळाली प्रवऱ्याला राहते, एकटी. तिला शहर मानवत नाही. मी ओसरीवर बसलो आणि बसल्या जागी भिंतीला टेकून झोपलो. जाग आली तेव्हा ऊन उतरलं होतं आणि आई समोर बसून मेथी निवडत होती.

मी गडबडीने उठलो. "उठवायचं नाही का गं? डोळा लागला जरा."

"डोळा न्हवं, मुडदा पडला हुता. दोनदा नाकाला हात लावून बगितला मी."

"थकलो गं थोडा." तोंडातून निसटलं. लगेच सावरलं. "काही नाही तसं. बाबांसारखं पोतं थोडंच उचलायचंय. त्यांनी कधी खाडा केला नाही."

आईचा मेथीवरचा हात थांबला.

"कोन म्हनलं तुला?"

"तूच सांगायचीस."

"मी सांगायचे ते मुकादमाला." ती म्हणाली. "तुजा बाप हंगामात दोनदा-तीनदा तरी भिताडाकडं तोंड करून पडायचा. दोन-दोन दिस. बोलायचा न्हाई, भाकर खायचा न्हाई. अंगात ताप न्हाई, काय न्हाई. नुसता पडायचा. मुकादमाचा मानूस दारात आला की मी म्हनायचे, भनीकडं कोपरगावला गेलाय, तिच्या घरी मयत झालीया. त्याच्या भनीच्या सासरची किती मानसं मी मारली, त्याची गिनती न्हाई."

मला हसू आलं. तिला आलं नाही.

"खरं का नाही सांगितलं?"

"थकलाय मनून सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी दुसरा हमाल घेतला असता. आन तुमाला पोरांना बी तेच सांगितलं, गावला गेलाय मनून. पोराला बाप पडल्याला दिसू नये मनून."

मग मी तिला साहेबांचं बोलणं सांगितलं. 'तुमच्या लोकांना सवय असते' हे जसंच्या तसं. वाटलं, शिवी देईल. तिने मेथीची जुडी पुन्हा हातात घेतली.

"त्याचं काय चुकलं? त्याला आमीच सांगितलं न्हवं का, ह्ये थकत न्हाईत मनून. पिढ्यान्‌पिढ्या दारात हुबं ऱ्हाऊन सांगितलं." थोडं थांबून म्हणाली, "पोटापायी मी खोटं बोलले. तुला काय झालंय? तू शिकल्याला हायेस. तू कशापायी खोटं बोलतूस?"

परतीच्या एसटीत खिडकीला डोकं टेकून बसलो. मी वडिलांचा अभिमान म्हणून जे सांगत आलो, त्यामागे त्यांचं पडून राहणं होतं. मी ते झाकायला मदत केली होती. त्याच खोट्याने आता मला बांधलं होतं. आणि थकलो असं न म्हणून मी शकीललाही त्याच दोराने बांधत होतो.

पुढच्या सोमवारी बैठकीत माझा विषय आल्यावर मी उभा राहिलो. उभं राहायची पद्धत नाही. पण बसून बोलता आलं नसतं.

"साहेब, मला उद्यापासून चार दिवस रजा पाहिजे. मी थकलोय."

"बाजार बघताय ना तुम्ही?"

"बघतोय. दूध मीच तपासतो."

"मग? मागच्या वेळी बोलणं झालं होतं आपलं."

"झालं होतं. आमच्या लोकांना सवय असते म्हणालात. मी हो म्हणालो. ते खोटं होतं. माझे वडील थकायचे. आम्ही सांगत नव्हतो. मी सांगतोय."

कोणी हसलं नाही. अभिजीत टेबलाकडे बघत होता. साहेबांचा चेहरा लाल झाला.

"इथे जात कुठून आणली तुम्ही? मी नाव तरी घेतलं का कुठल्या जातीचं?"

"नाव मीही घेतलेलं नाही, साहेब."

मी पुढचं बोलून टाकलं. "मशीन चुकीचं दाखवायला लागलं की आपण त्याला लाल पाटी लावतो. 'वापरू नये.' माझ्या डोक्यात आकडा टिकत नाही. चार दिवस माझी सही कुठल्याही टँकरवर होणार नाही. झाली तर ती खोटी सही असेल."

साहेब खुर्चीला रेलले. त्यांचा शेवटचा पत्ता अजून हातात होता. "ठीक आहे. मग तुमची फेरी शकील करील. काय शकील?"

शकील मान खाली घालून म्हणाला, "करतो साहेब."

बाहेर गाड्यांपाशी त्याने मला गाठलं. "दादा, बोललात ते ऐकून बरं वाटलं. खरंच. पण उद्या पहाटे दोन्ही जीप कोण काढणार? मीच ना? मला एका शब्दाने विचारलं असतं तर?"

"विचारलं असतं तर तू हो म्हणाला असतास. आणि तुझी दया येऊन मी रजा घेतली नसती."

"म्हणजे भाषण तुमचं झालं, मरण माझं." एवढं बोलून त्याने गाडीला किक मारली.

तो बरोबर बोलला. आजही मला दुसरं काही म्हणता येत नाही.

ते चार दिवस मी सुखाने झोपलो, असं लिहिलं तर पुन्हा खोटं होईल. पहाटे फेरीच्या वेळेला डोळे उघडायचे. आता शकील पहिल्या केंद्रावर असेल. आता तो परत फिरून माझी जीप काढत असेल. तिसऱ्या दिवशी दुपारी मात्र मी भिंतीकडे तोंड करून पडलो आणि गाढ झोपलो. मुलगी दारात आली. बायको तिला म्हणाली, "पप्पा थकलेत. झोपू दे." मी अर्धवट झोपेत ते ऐकलं. आमच्या घरात हे वाक्य पहिल्यांदा कोणी मोठ्याने बोललं असेल.

कामावर परतलो तेव्हा शकीलचे डोळे सुजलेले होते. चहाच्या टपरीवर त्याने माझ्याकडे पाठ केली. मी त्याच्यासमोर जाऊन बसलो.

"शकील, पुढच्या आठवड्यात तू रजा घे."

"आणि तुम्ही माझी फेरी करणार. मग झाली फिट्टंफाट."

"नाही. मी तुझी फेरी करणार नाही."

त्याने कप खाली ठेवला. "येडे झालात का? मग सेंटरवर कोण जाणार?"

"ते साहेबांनी बघायचं. मी माझी फेरी पूर्ण करीन. एक केंद्र सोडणार नाही. तुझी फेरी करणार नाही. तूही पुढे माझी करायची नाही. आठ दिवस आधी लेखी सांगू, म्हणजे आडवेपणा केला म्हणायला नको. तीन माणसं कमी आहेत, शकील. आपण दोघांनी अंगाने ते भोक बुजवलंय. कोणाला दिसतच नाही."

"आणि नोकरी गेली तर?"

"जाऊ शकते."

त्याने उरलेला चहा संपवला. मग म्हणाला, "अम्मीला दवाखान्यात न्यायचंच होतं." त्याने हो म्हटलं नाही. पण त्याची फेरी करणार नाही असं पत्र मी साहेबांच्या टेबलावर ठेवलं होतं, आणि संध्याकाळी त्याखाली त्याचा रजेचा अर्ज ठेवलेला मी पाहिला.

उद्यापासून त्याची रजा सुरू होते. आठ दिवस झाले, अर्जाला अजून उत्तर नाही. साहेबांनी आज फक्त एवढंच विचारलं, "उद्याची फेरी बघताय ना?" मी म्हणालो, "माझी बघतोय."

मला माहीत आहे, उद्या पहाटे काय होईल. तपासणी विभागाच्या भिंतीवर दोन खिळे आहेत. दोन जीपच्या दोन किल्ल्या. एक मी काढीन. दुसरी समोर लटकत असेल. राहुरीकडच्या केंद्रांवरून फोन येतील. ती माणसं माझ्या ओळखीची आहेत, माझ्या आईच्या गावाकडची आहेत. मला अपराधी वाटेल. हात आपोआप त्या खिळ्याकडे जाईल. बापाचा पोत्याकडे जायचा, तसाच.

अपराधी वाटू दे. तपासायला माणूस नाही, हे केंद्रावरच्या माणसांना दिसू दे. साहेबांना दिसू दे. ज्याला ती फेरी व्हावी असं वाटतं, त्याने खाली यावं आणि किल्ली काढावी.

मी काढणार नाही.