काशीरामची मायनर

काशीराम घाटकोपरच्या एका लग्नाच्या बँडात क्लॅरिनेट वाजवायचा. बाप गिरणीत होता. मुलाने गिरणी सोडून नळी फुंकायला घेतली म्हणून त्याने बोलणंच टाकलं होतं. काशीरामच्या बायकोला, जानकीला, मात्र भारी कौतुक. त्रेपन्न सालच्या दिवाळीपासून तिने टुमणंच लावलं, "वरातीत किती वर्षं वाजवणार? अंधेरीच्या स्टुडिओत विचारा ना."

त्याने विचारलं. वाजवणारा हवा होता, पण कागदावरचे सूर वाचता येणारा. मग काशीराम वाकोल्याला मिंगेल मास्तरांकडे शिकायला जाऊ लागला. मेजर स्केल, म्हणजे शुद्ध स्वरांच्या पट्ट्या, त्याने चटकन उचलल्या. मास्तरांनी मग मायनरला, कोमल गंधाराच्या पट्टीला, जुंपलं. "गंधार उतरव. ही चढते एका वाटेने, उतरते दुसऱ्या. बोटांना सवय होईपर्यंत दुसरं काही वाजवायचं नाही."

घरी तो मायनर घासत बसला की जानकी तांदूळ निवडता निवडता म्हणायची, "ही रडकी पट्टी कशाला हो? मास्तरांना दुसरं काही येत नाही?"

फाल्गुनात ती बाळंतपणाला इस्पितळात गेली, ती परत आली नाही. मूलही गेलं.

काशीराम रडला नाही. लोक सांगतील ते करत गेला. तेरावं उरकल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने क्लॅरिनेटची पेटी उघडली, वेताची पातळ रीड ओठांत धरून ओली केली आणि ए मायनर सुरू केली. वर, खाली, पुन्हा वर.

शेजारच्या खोलीत जानकीची धाकटी बहीण विमला राहायची. पिठाच्या हातांनीच ती दारात आली.

"भावजी, बंद करा ते. ऐकवत नाही. ताई डोळ्यांपुढे येते."

"माझ्या येत नाही," काशीराम म्हणाला. मग तिच्याकडे बघून सावकाश म्हणाला, "खरं सांगतो विमल, मला काहीच होत नाही. जेवलो तर जेवलो, नाही तर नाही. ही बोटं तेवढी चालतात. चालतात तोवर बसतो."

विमला उंबऱ्यावर टेकली आणि पदराने डोळे पुसत राहिली. त्याने पुढची स्केल घेतली.

वैशाखात स्टुडिओतून बोलावणं आलं. चित्रपटातल्या कुणाच्या तरी मरणाचा प्रसंग होता. समोर ठेवलेला मायनरचा संथ तुकडा कागदावर होता तसा त्याने वाजवला. वादकांच्या प्रमुखाने चष्मा काढला.

"झकास, यार. घरात कुणी गेलंय की काय?"

"हो. बायको."

प्रमुख ओशाळला. इतर वादकांनी माना खाली घातल्या. चष्मा परत चढवून प्रमुख हळूच म्हणाला, "सोमवारपासून या."

घरी येऊन काशीरामने विमलाला सांगितलं. तिने त्याच्या तळहातावर साखर ठेवली. "ताईला केवढा आनंद झाला असता," ती म्हणाली. काशीरामने साखर तोंडात टाकली. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणाला, "गोड आहे."

संध्याकाळी मुलुंडला वरात होती. बँडच्या मालकाला शब्द दिला होता, म्हणून लाल डगला चढवून तो गेला आणि नवरदेवाच्या घोड्यापुढे वाजवत चालत राहिला.