फ्रान्सक्रालच्या वाळूवर आलेली सासूबाई

पांढरे शार्क दाखवायला नेणाऱ्या बोटीवर लेया अप्पोलिस कामाला लागली, तेव्हा तिच्या आईने तिच्याशी बोलणं टाकलं. दोघी एकाच घरात राहायच्या, एकाच टेबलावर जेवायच्या, पण मीठ हवं असलं तरी म्हातारी सन्ना मांजराला सांगायची, "जा गं, त्या बोटवालीला म्हणावं, मीठ सरकव इकडे."

तिचंही चुकत नव्हतं. लेयाचा थोरला भाऊ फ्लोरिस डायर बेटापाशी बुड्या मारून चोरून शिंपले काढायचा. त्यांच्या ब्लोमपार्क वस्तीतले कितीतरी पुरुष तेच करत. एका सकाळी तो वर आलाच नाही. सोबत्यांना पाण्यावर तांबूस फेस दिसला आणि एक शार्क खाली जाताना दिसला, बस्स. शवपेटीत ठेवायला काही नव्हतं, म्हणून सन्नाने त्याचा चर्चला जायचा कोट पुरला. त्यानंतर त्या घरात फ्लोरिसचं नाव निघालं नाही.

लेया बोटीवर गेली ती दुसरं काम मिळेना म्हणून. पाहुण्यांना रबरी पोशाख चढवायचे, ओकणाऱ्यांची पाठ चोळायची, शार्क बघायला पाण्यात सोडलेल्या पिंजऱ्यातून कुडकुडत वर आलेल्यांना गरम सूप द्यायचं. सुरुवातीला शार्क आला की ती पाठ फिरवायची. मग कधीतरी बघायला लागली. एका थोराड मादीच्या पाठीवरचा पर फाटका होता. लेयाने तिचं नाव ठेवलं सासूबाई.

"न बोलावता येते, सगळ्यांना डोळे वटारून बघते आणि पुढ्यात ठेवलेलं उष्टावून निघून जाते," ती पाहुण्यांना सांगायची. "आमची अगदी अशीच होती!"

त्या दिवशीही सासूबाई आली होती. पिंजऱ्यातले पाहुणे आनंदाने किंचाळत होते. आणि एकाएकी ती बोटीखालून बाणासारखी सुटली.

"आंटी, सगळ्यांना वर घे! आत्ताच्या आत्ता!" बोटीचा स्किपर बारेंट लेयाला ओरडला. बोटीवर सगळे तिला आंटीच म्हणायचे.

पुरुषभर उंचीचे दोन काळे पर पाणी कापत येत होते. ओर्का, काळे-पांढरे शिकारी देवमासे. लेयाने शेवटच्या बाईला दंडाला धरून वर ओढलं, तोवर थोड्या अंतरावर पाणी उकळल्यासारखं झालं. सासूबाईचं प्रचंड पांढरं पोट वर आलं, उलटं झालं आणि बुडालं. पाण्यावर तेलाचा तवंग पसरला. एक ओर्का वर आला, त्याच्या तोंडात फिकट, लिबलिबीत काहीतरी लोंबत होतं.

बारेंटचा सगळा जन्म या पाण्यावर गेलेला, तो पांढराफटक पडून पुटपुटत राहिला, "हे असं नसतं, आंटी. हिला मारणारं कुणी नसतं."

दुसऱ्या दिवशी मेलेली सासूबाई जवळच्या फ्रान्सक्रालच्या वाळूवर वाहत आली. पुढच्या दोन परांच्या मधे छाती फाटलेली होती. यकृत तेवढं नेलं होतं, बाकी अंगाला दातही लागला नव्हता. लेया बघत राहिली. गालावर काहीतरी ओलं लागलं, तेव्हा तिला कळलं की आपण रडतोय. ती चरकली. ज्यांनी भाऊ खाल्ला त्यांच्यासाठी? कुणी पाहिलं तर नाही ना, म्हणून तिने वळून बघितलं, तर गर्दीतून काठी टेकत सन्ना येत होती.

लोक बाजूला झाले. म्हातारी आता थुंकणार, असंच सगळ्यांना वाटलं.

"लेया," सन्ना म्हणाली, "तोंड उघड तिचं."

आईच्या तोंडी स्वतःचं नाव ऐकून लेया जागच्या जागी थिजली.

"बहिरी झालीस? उघड म्हणते ना!"

लेयाने आणि बारेंटने मिळून तो जबडा उचलला. सन्ना वाकली. दात बघितले, वीत लावून जबड्याची रुंदी मापली. मग मटकन वाळूत बसली.

"एवढं मोठं," ती म्हणाली. "मग त्याला कळलंही नसेल. हो ना? तू रोज बघतेस यांना. सांग मला."

लेया रोज बघत होती. शार्क आधी आमिषाला नुसतं चाचपतो, चावून सोडून देतो, फेरी मारून परत येतो. कधी कधी दोनदा.

"नाही कळलं, माम्मा," ती म्हणाली. "एका क्षणात झालं असेल."

"मला वाटायचं, हळूहळू..." म्हातारी म्हणाली. तिने लेयाचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

त्या मोसमात आणखीही शार्क तसेच फाटून किनाऱ्याला लागले आणि उरलेले खाडी सोडून गेले. बारेंट आता लहान, तांबूस शार्क दाखवतो. पाहुणे त्यावरही खूश असतात. लेया बोटीवर आहे, पण कुठल्याही शार्कला नाव ठेवत नाही.

घरात सन्ना बोलायला लागली आहे. फ्लोरिस कसा पाव चोरायचा, चर्चमध्ये कसा घोरायचा, रोज काहीतरी आठवून सांगते आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसते. लेयाही हसते. शार्क फेरी मारून परत येतो, हे मात्र ती आईला कधीच सांगत नाही.