मोगऱ्याला बसलेला ताण

यजमान कृषी खात्यातून निवृत्त झाले आणि त्यांच्या ताब्यात तालुक्याऐवजी आमची बाल्कनी आली. वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेतल्या दुसऱ्या मजल्यावरची ती बाल्कनी एवढीशी, की दोघं उभे राहिले तर एकाला अंग चोरावं लागतं. पण साहेबांचा दौरा रोज सकाळी ठरलेला. हात मागे बांधायचे, कुंडीपुढे थांबायचं, पान उलटं करून बघायचं आणि नुसतं "हं" म्हणायचं.

नोकरीभर या माणसाने गावोगाव सभा घेतल्या. बाबांनो, युरिया बेताने टाका, नाहीतर कपाशीची पऱ्हाटी नुसती पाल्यानेच माजते, बोंड धरत नाही. आणि घरी तेच दर रविवारी मोगऱ्याला युरिया घालत. तो वडनेरहून यायचा, माझ्या दिरांच्या शेतातला उरलासुरला.

"अहो, परवाच घातला ना?"

"पिवळा पडलाय. तुला कळत नाही."

हिरवागार मोगरा तेवढा त्यांनाच पिवळा दिसायचा. युरियानंतर केळीच्या सालींचं पाणी, मग शेणखत, मग कुणीतरी मोबाइलवर पाठवलं म्हणून आंबट ताक. बाल्कनीत चहा घेणं मी सोडून दिलं. मोगऱ्याची पानं विड्याच्या पानांना लाजवतील अशी झाली. फूल मात्र एक नाही.

हा मोगरा माझ्या आईने दिलेला. आष्टीच्या अंगणातल्या तिच्या झाडाची फांदी तिने स्वतः रुजवून दिली होती. फोनवर दर वेळी विचारायची, "फुलला का वो?" मी विषय बदलायची.

वडील गेल्यापासून ती आष्टीला एकटीच राहायची. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी वर्ध्याला आली, तेव्हा मी मनाशी पक्कं केलं, आता हिला परत जाऊ द्यायचं नाही. यजमानांनाही पटलं. आणि दुसऱ्याच दिवसापासून साहेबांचा दौरा बाल्कनीतून आईच्या खोलीत हलला.

सकाळी भिजवलेले बदाम, मग प्रोटीनची पावडर, मग अंजीर, दुपारी सूप, संध्याकाळी डिंकाचा लाडू. मीही काही मागे नव्हते. आईने कप उचलला की मी धावायची, झाडूला हात लावला की यजमान ओरडायचे, "आई, तुम्ही फक्त बसा!" ती बसायची. दर तासाला तिच्यासमोर पाण्याचा पेला यायचा. एकदा तेवढी म्हणाली, "जावईबापू, हे पोट हाये का पोतं?" आम्ही दोघंही खूप हसलो. ती हसली नाही, हे मला नंतर आठवलं.

आईचे गाल भरले. बोलणं मात्र आटत गेलं. दिवसभर खिडकीकडे तोंड करून बसायची. मी म्हणायची, आराम मानवतोय हिला.

या सगळ्यात कुंड्यांकडे बघायला कुणाला फुरसत नव्हती. आमचं ऊन तर सगळ्यांना ठाऊक आहे. मोगऱ्याची माती भेगाळली, पानं गळाली. यजमानांनी तर मनाने त्याला मोडीतच काढलं होतं.

आणि एका सकाळी आई ओंजळ पुढे करून स्वयंपाकघरात आली. ओंजळीत मोगरा होता.

"फुलला वो तुहा मोगरा."

"अगं, पण कसा? त्याला तर खत नाही, पाणी नाही..."

"पाणी देल्लं मी मंगाहून. तुम्ही मले पाजता ना, तेच. संत्र्याच्या बगीच्याले नाई का आपण ताण देत? पाणी तोडतो, मंग सोडतो, तवा बहार येते. तसंच झालं याले." मग फुलं ओट्यावर ठेवून म्हणाली, "आता मले आष्टीले नेऊन दे, माय."

मला राग आला. खरंच आला. "तिथे कोण आहे तुझं? इथे काय कमी आहे?"

"काहीच कमी नाई. समदे नुसतं देऊनच राह्यले. मले कोणी काही मागत नाई."

मी गॅस बंद केला आणि तिथेच रडले. ती पाठीवरून हात फिरवत राहिली. महिन्याभरात तिला मिळालेलं हे पहिलं काम.

यजमानांनी पावडरचा मोठा डबा तिच्या पिशवीत कोंबला. चमचा सपाट घ्यायचा, शीग नको, हेही सांगितलं. आष्टीला पोचल्यावर आईने कुलूप काढलं आणि उंबऱ्याशी थांबली. तिला आत नेऊन बसवावं, आपण झाडझूड करावी, चहा ठेवावा, असं मला फार वाटत होतं. हात शिवशिवत होते. मी मुकाट्याने ओसरीवर बसले.

"आई, भूक लागली वो. भाकर टाकतं का?"

"तर!" म्हणाली आणि पदर खोचून चुलीकडे निघाली. आतूनच ओरडली, "बसू नको रिकामी, कांदा चीर."