कॅप्टनचं उड्डाण

चष्म्याचं दुकान मुलाच्या हवाली करून काकांनी घरात विमान आणलं. म्हणजे कॉम्प्युटरवरचं, खेळातलं. गल्लीने त्यांना लगेच ‘कॅप्टन’ करून टाकलं, पण वर्ष होत आलं तरी विमानाने धावपट्टी सोडली नव्हती. आधी सेटिंग बदलून बदलून खेळातला उजेड मनासारखा व्हायला हवा होता ना. कधी ढग पिंजलेल्या कापसासारखे दिसत, कधी पंखाची सावली फिकी पडे, कधी सूर्यास्त जरा जास्तच भडक होई. स्क्रीनवर उन्हाची तिरीप येते म्हणून काकांनी खिडक्यांना काळे पडदे लावले, आणि काकू स्वतःच्याच घरात चाचपडत फिरू लागल्या.

एका दुपारी काका डुलकी काढून उठले, तर त्यांच्या खुर्चीत काकू बसलेल्या आणि विमान थेट समुद्रावर.

"अगं, हे काय केलंस?"

"ढग, सावल्या, पाण्यातली प्रतिबिंबं, सगळं कमी करून टाकलं. त्यापायी कॉम्प्युटरवर भार पडून विमान अडखळत होतं. आता बघा, कसं सुरळीत चाललंय."

काका चष्मा पुसून पुढे वाकले. समुद्र निळा रंग दिलेल्या पत्र्यासारखा दिसत होता. त्यांचा जीव तीळतीळ तुटला.

"पण हे खरं वाटत नाही."

"उडतंय ना?" काकू म्हणाल्या. "आता खाली कसं उतरवायचं, तेवढं सांगा."

काकांना ते ठाऊक नव्हतं. तिथवर ते कधी पोचलेच नव्हते. त्यांनी स्टूल ओढलं, बायकोशेजारी बसले आणि गंभीरपणे म्हणाले, "एवढ्यात उतरू नकोस. उजेड अजून चांगला आहे."