थोरलीची पेज
आंबेमोहोराची पेज रटरटू लागली, की तो वास मला मुळशीतल्या आमच्या माहेरच्या स्वयंपाकघरात नेतो. मी नऊ वर्षांची होते. थोरली बहीण तापानं फणफणत सासरहून एकटीच चालत आली होती. आईनं नव्या तांदळाच्या कण्या भाजून, जिरं-मीठ घालून पेज केली आणि वाफाळता वाडगा तिच्या हातात दिला, तोच तिचा दीर बैलगाडी घेऊन दारात आला. "भात झोडायचं हाय, हितं बसून कसं चालंल?" बहीण वडिलांना म्हणाली, "आबा, येवढी पेज निवू द्या, पिऊन जाते." वडील तिच्याकडं न बघता म्हणाले, "बैल ताटकळल्यात. तितं बी पेज मिळंल." तिनं वाडगा खाली ठेवला आणि ती गाडीत चढली. आई चुलीकडं तोंड करून बसून राहिली. पंधरा दिवसांनी बहीण गेल्याचा निरोप आला. वडिलांशी मी पुढं कधी धड बोलले नाही. पण गाडी वळणाआड जाताच तो वाडगा मीच तोंडाला लावला होता, आणि पेज इतकी गोड लागली की तळ बोटानं पुसून चाटला होता, हे आजवर मी कुणालाच सांगितलेलं नाही.