तीन महिन्यांचा संकल्प

निवृत्त झाल्यापासून दर रविवारी आमच्या विहारात मी धम्म समजावून सांगतो. शाळेतली खोड, समोर चार माणसं बसली की मला चेव येतो. त्या वर्षावासात, म्हणजे पावसाळ्यातल्या संकल्पाच्या तीन महिन्यांत, विषय होता, मन गुंततं कसं. कानावर आवाज पडतो, तो स्पर्श. त्यातून बरं किंवा वाईट वाटतं. बरं वाटलं की ते पुन्हा हवंसं होतं, हवंसं झालं की आपण ते घट्ट धरून बसतो, आणि तिथून दुःख सुरू होतं.

उदाहरण हवं म्हणून मी पहिल्या रांगेत बसलेल्या बायकोकडे बोट दाखवलं. "या बाईंना रोज सात वाजता मोहोळला दिलेल्या लेकीचा आवाज ऐकल्याशिवाय घास उतरत नाही," म्हणालो. सगळे हसले. तीही हसली.

ती भवानी पेठेतल्या एका कारखान्याचे टॉवेल घरी आणून त्यांच्या कडा शिवायची. त्या दुपारी मशीन थांबवून म्हणाली, "खरंय ओ, लेकीत लई जीव अडकलाय माझा. हा वर्षावास संपेपर्यंत मी आपणहून फोन लावणार न्हाय. तिला सांगू नका, न्हायतर तीच लावत बसंल." वर्षावासात कुणी मटण सोडतं, कुणी चहा. हिने लेकीला फोन लावणं सोडलं.

पुढच्या रविवारी मी ते विहारात जाहीर केलं. लोकांनी तिला हात जोडले, मला शाबासकी दिली. ती शाबासकी इतकी गोड लागली की पुढचे सगळे रविवार मी तेच सांगत राहिलो. माझंही मन गुंतलं होतं, पण तेवढं मला दिसलं नाही. घरी सात वाजले की ती मशीनवरून उठायची, मोबाइल हातात घ्यायची, पदराने पुसायची आणि परत ठेवून द्यायची. मला वाटायचं, बाई प्रगती करतेय.

दुसऱ्या महिन्यात एका सकाळी चहा गाळता गाळता ती खाली बसली. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

सावध राहायची जागा असते ती बरं वाटणं आणि हाव सुटणं यांच्यामध्ये. हे मला तोंडपाठ होतं. बरं वाटलं तर वाटू द्यावं, त्याला चिकटू नये, इतकंच. मी तिचं बरं वाटणंच बंद करून टाकलं. शिकवण बरोबर होती, मास्तर कच्चा होता.

तिच्या मृत्यूनंतरच्या जलदान विधीला आलेली माणसं पांगल्यावर लेक माझ्याजवळ येऊन बसली. "पप्पा, खरं सांगा. आई माझ्यावर कशापायी चिडली होती?"

मी संकल्पाचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला वाटलं, रुसली हाय. म्हटलं, रुसू दे. मीबी लावत न्हाय, बघू कोण आधी लावतंय."

"चूक माझी आहे, बाळ," मी म्हणालो. दोनदा, तीनदा म्हणालो.

तिने डोळे पुसले. "तुमची कशी, पप्पा? फोन मलाबी लावता येत होता की."