गणपतीची गाडी का तापते

सुधन्वा रविवारी आर. के. पुरमला जेवायला आला, तेव्हा स्वयंपाकघरात चहाच्या पातेल्यात गाडीचा एक भाग उकळत होता.

तो दारातच थांबला. गॅसपुढे चंद्रप्रभाकाकू उभ्या होत्या. हातात सांडशी, चष्मा कपाळावर.

"ये. चहा मिळणार नाही," त्या म्हणाल्या. "पातेलं चौकशीत अडकलंय."

सुधन्वा मराठी घेऊन एम. ए. झाला होता आणि दिल्लीत अनुवादकाची नोकरी करत होता. मूळचा नाशिकचा. या शहरात त्याला पोटभर वरणभात वाढणारं हे एकच घर. गाडीबद्दलचं त्याचं ज्ञान मागच्या सीटवर बसण्यापुरतं होतं. तो पातेल्यात वाकून पाहू लागला. तळाशी पितळेची एक गोल चकती पडली होती.

"हा थर्मोस्टॅट. इंजिन तापलं की यानं उघडायचं आणि पाण्याला रेडिएटरकडे जाऊ द्यायचं. उघडला नाही, तर चोर हाच."

दोघंही पातेल्यात बघत उभी राहिली. पाण्याला बुडबुडे आले. चकती हलली आणि हळूच वर उचलली गेली.

"उघडलं!" सुधन्वा ओरडला. "काकू, अगदी कमळासारखं!"

"निर्दोष," काकू म्हणाल्या आणि कमळ सांडशीनं उचलून ताटलीत ठेवलं.

काकू एका मंत्रालयाच्या दक्षता शाखेत होत्या. हाताखालच्यांच्या चौकश्या करण्यात त्यांचे केस पांढरे झाले. त्यांचा नियम एकच. पुरावा हाती आल्याशिवाय कुणाला चोर म्हणायचं नाही, आणि पुरावा हाती आला की सख्ख्या भावालाही सोडायचं नाही. ऑफिसात लोक त्यांना बघून जिना बदलत. घरी हाच नियम दुधाला, मांजराला आणि नवऱ्याला लागू होता.

सध्या तो गाडीला लागला होता. कारण गेल्या वर्षीचा गणपती.

कॉलनीच्या मराठी मंडळाची मूर्ती दरवर्षी कोपर्निकस मार्गावरच्या महाराष्ट्राच्या जुन्या सदनातून येते. ती आणायचा मान काकूंचा. त्या दिल्लीत बदलून आल्या, तेव्हा मंडळातल्या प्रत्येक पुरुषाकडे एक सबब होती आणि काकूंकडे नवं लायसन्स होतं. तेव्हापासून गणपती मागच्या सीटवर, पट्टा लावून, काकूंच्याच गाडीतून येतो. गेल्या वर्षी मात्र इंडिया गेटच्या गोल चौकात गाडीनं बॉनेटखालून वाफ सोडली. तापमानाचा काटा लाल खुणेत गेला. बाप्पा उरलेल्या वाटेवर ऑटोरिक्षातून आले, मंडळाचे अध्यक्ष विश्वनाथराव यांच्या मांडीवर. मूर्तीच्या ओल्या रंगानं विश्वनाथरावांचं नवं धोतर शेंदरी झालं. त्यानंतर ते प्रत्येक बैठकीत एकच शब्द बोलत होते. टेम्पो.

"वहिनी, यंदा आपण टेम्पो करू या. कशाला गाडीचे हाल?"

गाडीचे हाल म्हणजे त्यांचे स्वतःचे हाल, हे काकूंना कळत होतं. पेट्रोलवरची गाडी दिल्लीत पंधरा वर्षांपलीकडे चालवता येत नाही. पुढच्या गणपतीआधीच हिची मुदत संपणार होती. म्हणजे यंदा गणपती आणला नाही, तर या गाडीची मंडळाच्या आठवणीत उरेल ती फक्त वाफ. परवा मंडळाची शेवटची बैठक झाली आणि काकूंनी चतुर्थीच्या आदल्या दिवसापर्यंत मुदत मागून घेतली. गाडी बरी झाली तर गाडी, नाहीतर टेम्पो.

जवळच्या मुनीरक्यातल्या मेकॅनिकनं बॉनेट उघडलं आणि लगेच बंद केलं.

"मॅडम, हेड गॅस्केट गया. इंजन खोलना पड़ेगा."

"देखा आपने?"

"तजुर्बा है, मॅडम."

"मैंने पूछा, देखा?"

काकू गाडी घेऊन परत आल्या. हेड गॅस्केट गेलं की इंजिनात तेल आणि पाणी मिसळतं आणि तेल दुधाळ होतं. काकूंनी तेलाची काडी काढून पाहिली. तेल काळं आणि सरळमार्गी होतं. हेड गॅस्केट निर्दोष सुटलं. गाडीखाली रात्रभर वर्तमानपत्र पसरून ठेवलं, सकाळी त्यावर एक थेंबही नव्हता. गळतीवरचा संशय गेला. रेडिएटरच्या झाकणाचं रबर बदललं, तरी काटा चढलाच. आणि आता थर्मोस्टॅटही सुटला होता.

"यार काकू, मग राहिलं कोण?" सुधन्वानं विचारलं.

"पंखा. चल, कुर्ता काढून ठेव."

सुधन्वा पांढराशुभ्र कुर्ता घालून आला होता. जेवणाआधी कुर्ता काढायची वेळ या घरात त्याच्यावर पहिल्यांदाच आली होती. गुणवंतकाकांनी आतून आपला जुना शर्ट आणून दिला. काका म्हणजे काकूंचे यजमान, निवृत्त, स्वभावानं अबोल. चौकशी अधिकाऱ्याबरोबर संसार केला की माणूस अबोल होतोच.

काकूंनी खाली जाऊन थर्मोस्टॅट परत बसवला, इंजिन गार ठेवणारं कूलंट भरलं, गाडी चालू केली. थोड्या वेळानं पंखा फिरू लागला. चांगला भणभणत होता.

"पंखाही निर्दोष," सुधन्वा म्हणाला. एव्हाना त्याला भाषा जमली होती.

"फिरतो म्हणजे काम करतो असं नाही. आमच्या ऑफिसात ये एकदा." काकूंनी वर्तमानपत्राचं एक पान त्याच्या हातात दिलं. "हे समोर जाळीवर धर आणि सोड. पंखा बाहेरची हवा आत ओढतो. पान जाळीला चिकटून राहिलं पाहिजे."

सुधन्वानं पान धरलं. सोडलं. पान त्याच्या पायावर पडलं.

त्यानं परत धरलं. परत पडलं.

काकूंचा चेहरा उजळला. चार कपाटं शोधल्यावर पाचव्यात चावी सापडावी तसा.

"पंखा ओढतोय, पण हवा येत नाहीये. मध्ये कुणीतरी बसलंय."

त्यांनी इंजिन बंद केलं. सगळं थंड व्हायला हवं म्हणून मंडळी जेवायला बसली. काकू जेवल्या नाहीत, त्यांनी जेवण उरकलं. मग खाली येऊन रेडिएटरचे वरचे बोल्ट सैल केले आणि तो जरासा मागे कलवला. रेडिएटरपुढे एसीची जाळी असते. दोघांमध्ये बोटभर फट. काकूंनी तिथं टॉर्च मारला.

फटीत जणू कुणीतरी घोंगडी कोंबली होती. तपकिरी, जाड, धुळीनं घट्ट झालेली. काकूंनी चिमट्यानं एक तुकडा ओढला आणि सुधन्वाच्या तळहातावर ठेवला.

सुधन्वानं तो चुरगळला. वास घेतला. मग जरा घाबरूनच म्हणाला, "काकू, ही झेंडूची फुलं आहेत."

मग मागून एक आवाज आला. सुधन्वाला आधी तो कुणाचा ते कळलंच नाही. काका हसत होते.

"दसरा," काका म्हणाले.

दर दसऱ्याला काकू गाडीची पूजा करत. हळदकुंकू, आपट्याची पानं आणि पुढच्या जाळीवर झेंडूचा भला मोठा हार. तो हार काढायची त्या घरात बंदी होती. पूजेचा हार ओरबाडायचा नाही, आणि काढलाच तर या दिल्लीत निर्माल्य सोडायचं कुठे? आपोआप वाळून पडेल. त्याप्रमाणे तो दरवर्षी वाळत होता आणि पाकळी पाकळी करून आत पडत होता.

"मी दर दिवाळीला विचारायचो," काका सुधन्वाला म्हणाले. "हार काढू का? उत्तर काय यायचं?"

"अहो, पुरे."

"हात लावायचा नाही, असं यायचं. निकाल वाचून दाखवा ना, चौकशी अधिकारी. सख्ख्या भावालाही सोडत नाहीत म्हणे."

काकू चिखलासारख्या झेंडूकडे बघत उभ्या राहिल्या. सुधन्वा नजर कुठे ठेवावी या विवंचनेत. काकूंनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला.

"आरोपी दोषी," त्या म्हणाल्या. "शिक्षा म्हणून सगळं स्वतः साफ करेल. आणि तुम्ही दात काढत उभे राहू नका, नळी आणा."

पुढे दुपारभर तिघांनी गाडीच्या छातीतून दसरे उपसले. काका नळीनं आतल्या बाजूनं हलकं पाणी सोडत, काकू दात घासायच्या जुन्या ब्रशनं फुलं मोकळी करत, सुधन्वा ती टोपल्यात झेलत. टोपलं भरलं. काकूंनी ते कचऱ्यात जाऊ दिलं नाही. जास्वंदीच्या कुंडीला घातलं.

मग रेडिएटर जागेवर बसला, बोल्ट आवळले. पंखा सुरू झाल्यावर सुधन्वानं जाळीवर पान धरलं. पानानं त्याचा हात सोडला आणि जाळीला गच्च मिठी मारली. सुधन्वानं आयुष्यात बऱ्याच कविता वाचल्या होत्या. वर्तमानपत्राच्या पानाला टाळ्या त्यानं पहिल्यांदाच वाजवल्या.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी सदनाबाहेर निम्मी दिल्ली गाड्या घेऊन उभी होती. विश्वनाथराव यंदा पॅन्ट घालून आले होते. सोबत पाण्याचे दोन कॅन.

"असू दे, वहिनी. वेळ सांगून येत नाही."

"ठेवा डिकीत. बाप्पाचे पाय धुवायला होतील."

मूर्ती मागच्या सीटवर बसली. तिला पट्टा लागला. शेजारी विश्वनाथराव, पुढे सुधन्वा. इंडिया गेटपाशी येईपर्यंत रस्ता बरा होता. तिथं गाड्यांचा मुरंबा झाला होता. ऊन, दमट हवा, पुढे बस, मागे बस. काही केल्या काही हलेना. सुधन्वाची नजर काट्यावर खिळली होती. काटा मध्यावर होता. काकू काट्याकडे बघत नव्हत्या. स्टिअरिंगवरची त्यांची बोटं मात्र पांढरी पडली होती.

"वहिनी," मागून विश्वनाथराव घाम पुसत म्हणाले. "बाप्पाला फार उकडतंय हो. एसी लावता?"

सुधन्वानं काकूंकडे पाहिलं. एसी लावला की रेडिएटरपुढची ती जाळी तापणार, आणि तीच गरम हवा रेडिएटरवर येणार. याहून कठीण परीक्षा नव्हती. विश्वनाथरावांना हे माहीत होतं, का त्यांना खरंच उकडत होतं, हे त्यांचं त्यांना ठाऊक.

"काकू, नको," सुधन्वा पुटपुटला.

काकूंनी एसी लावला. पूर्ण.

समोरची बस वीतभर सरकली. थांबली. परत सरकली. गार हवा मागपर्यंत गेली. सुधन्वानं मनात सगळी स्तोत्रं म्हणून टाकली, येत नव्हती तीसुद्धा. काटा केसभर वर गेला. पंख्याचा आवाज वाढला. काटा परत मध्यावर आला आणि तिथंच बसून राहिला, पेन्शन घेतल्यासारखा.

कोंडी फुटली. गाडी मोकळ्या रस्त्याला लागली. मागून टेम्पोचं नाव निघेना, म्हणून सुधन्वानं वळून पाहिलं. विश्वनाथरावांची मान मूर्तीच्या बाजूला कलली होती आणि तोंड अर्धवट उघडं होतं.

"काकू, अध्यक्ष झोपले. उठवू?"

"बिल्कुल नाही," काकू म्हणाल्या आणि गाडीचा गिअर बदलला. "जागे झाले तर परत घाम पुसत टेम्पो म्हणतील."